आंब्यावरचा वांदा

मराठीत एखाद्याला ऐतखाऊ म्हणायचं असेल तर आपण त्याला बांडगूळ म्हणतो. राजकीय भाषणांत हा शब्द हमखास येतो, घरगुती भांडणांतही येतो. आमच्या घरात तो २०२३ च्या उन्हाळ्यात आला आणि ज्या झाडाबद्दल आला ते झाड बांडगूळ नव्हतंच. हे सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा सगळ्यांनी ‘ह्याला काय कळतंय शेतातलं’ अशा नजरेनं बघितलं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. मी हिंजवडीत बसून बॅकएंडचा कोड लिहितो. शेतात वर्षातून चार-सहा वेळा जातो, त्यातही निम्म्या वेळा मोबाइलला रेंज कुठे येते ते शोधत.

आमचं गाव नळदुर्ग. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की साधारण पन्नास किलोमीटरवर लागतं. तुम्ही पावसाळ्यातल्या रील्समध्ये ते नक्की पाहिलं असणार: किल्ल्यातून वाहणारी बोरी नदी, तिच्यावर घातलेला आदिलशाही बंधारा, त्या बंधाऱ्याच्याच पोटात बांधलेला पाणीमहाल आणि दोन बाजूंनी कोसळणारे नर आणि मादी हे धबधबे. रीलमध्ये गाव एकदम कोकणात असल्यासारखं दिसतं. पण ते दृश्य वर्षातले थोडेच दिवस असतं, आणि तेही बोरी भरली तर. एरवी आमच्याकडे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, काळी नाही तर मुरमाड जमीन, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणारं ऊन. इथं ऑर्किड असतं असं कुणी सांगितलं तर मी स्वतःच हसलो असतो. ऑर्किड म्हणजे लग्नाच्या स्टेजवर थायलंडहून आलेली जांभळी फुलं, एवढीच माझी समज होती.

आमच्या शेताच्या मधल्या बांधावर एक गावठी आंबा होता. कुणी लावला हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. आज्जी म्हणायची, ती लग्न होऊन आली तेव्हाही तो एवढाच होता. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि तात्या म्हणजे माझे चुलते, या दोघांच्या वाटणीत तो बांध आला. मोजणी झाली, हद्दीच्या खुणा लागल्या आणि बरोबर हद्दीवर आंबा उभा. सावली कुणाच्या पिकावर पडते, आंबे कुणी उतरवायचे, फांदी कुणी छाटायची यावरून दोन वर्षं धुसफूस चालली होती. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: झाड काढायचं. आंबा परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून अर्ज झाला, परवानगी मिळाली. लाकडाचे पैसे निम्मे-निम्मे.

झाड वठत चाललंय, असं दोघंही आपापल्या मनाला समजावत होते. पुरावा म्हणून तात्यांनी वर बोट दाखवलं. “बांडगुळानं खाल्लंय त्येला. बघ की, किती हाय वर.”

वर दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शेंड्याकडे खरंच बांडगूळ होतं. हिरवीगार, जाडसर पानं, नारिंगी नळीसारखी फुलं. ते आंब्याच्या फांदीत आपली शोषक मुळं घुसवतं आणि झाडाचं पाणी व क्षार ओढून घेतं. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसून जातो आणि पुढचं बांडगूळ तिथे उगवतं. त्याबाबतीत तात्या शंभर टक्के बरोबर होते.

पण त्याच्या खाली, जाड फांद्यांच्या बेचक्यांत आणि बुंध्याच्या खरबरीत सालीवर जे होतं ते वेगळं होतं. वीतभर ते हातभर लांबीची खोडं, दोन्ही बाजूंना पन्हळीसारखी दुमडलेली, खाली वाकलेली कडक पानं, पानांची टोकं कुणी दातांनी कुरतडल्यासारखी. आणि मुळं! पेन्सिलीएवढी जाड, राखाडी-पांढरी, काही सालीला घट्ट चिकटलेली, काही सरळ हवेत लोंबणारी. हे ऑर्किड. शास्त्रीय नाव वँडा टेसेलाटा. टेसेला म्हणजे छोटी चौकोनी फरशी. फुलाच्या पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकड्या असतात म्हणून हे नाव. मधली पाकळी, म्हणजे ओठ, जांभळा-निळा. वास गोड, पण नाक जवळ न्यावं लागतं.

हे झाडावर राहतं, झाडाचं काहीही खात नाही. मराठी विश्वकोशात अशा वनस्पतींना अपिवनस्पती असा शब्द आहे आणि ऑर्किडला आमर. दोन्ही शब्द मला तीस वर्षांचा व्हायला आलो तरी माहीत नव्हते, ही आपल्या शालेय विज्ञानाची कमाल आहे. ‘परजीवी’ मात्र पाठ होता. त्यामुळे झाडावर उगवलेलं सगळं परजीवी, हा आपला हिशोब.

मला हे कसं कळलं? उत्तर कंटाळवाणं आहे. लॉकडाउनमध्ये घरी असताना फोटो काढला, ओळख पटवणाऱ्या ॲपवर टाकला, नाव आलं, मग रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. सॉफ्टवेअरवाल्यांना एखादी सिस्टिम कशी चालते हे कळलं नाही तर झोप येत नाही, आणि ही सिस्टिम भन्नाट होती.

विचार करा. तुम्ही झाड आहात. माती नाही, म्हणजे पाण्याची टाकी नाही. पाऊस जून ते सप्टेंबर, तोही लहरी. पुढचे आठ महिने वारा आणि ऊन. जगायचं कसं? वँडाची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर मुळांत. ती राखाडी जाडी म्हणजे मूळ नव्हे, मुळावरचं वेष्टन. त्याला व्हेलामेन म्हणतात. मेलेल्या, पोकळ पेशींचे थर, स्पंजासारखे. पावसाचा थेंब बुंध्यावरून ओघळत आला की हा स्पंज तो टिपून घेतो आणि आतल्या जिवंत मुळाला सावकाश देत राहतो. त्या ओघळात सालीवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेली पानं यांचे क्षार असतात. तेच त्याचं खत. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, पाणी पडलं की आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं आणि ते काही क्षणांत हिरवं होतं. हे एकदा बघाच. बाटलीतून फवारा मारा आणि रंग बदलताना पाहा. लहान मुलांना दाखवण्यासारखी जादू आहे, मोठ्यांनाही चालते.

दुसरं उत्तर पानांत. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्याच छिद्रांतून पाणी उडून जातं. आमच्याकडच्या मे महिन्यात हा सौदा परवडणारा नाही. म्हणून वँडा दिवसा छिद्रं मिटून ठेवतो, रात्री हवा थंड झाली की उघडतो, रात्रभर कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा ऊन आलं की बंद दाराआड त्याची साखर करतो. निवडुंग आणि अननस हेच करतात. अवजड काम रात्रीच्या शिफ्टला लावायचं, हे आम्हाला सर्व्हरच्या बाबतीत शिकवतात. फरक एवढाच की या नाइट शिफ्टला वाढ फार हळू मिळते. वर्षाला चार-सहा पानं. तात्यांनी बोट दाखवलेलं हातभर खोड म्हणजे माझ्या अख्ख्या शाळेएवढा काळ.

नावाची गंमत तर याहून मोठी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात विल्यम जोन्स हे न्यायाधीश संस्कृत शिकत होते आणि फावल्या वेळात भारतीय झाडांची टिपणं काढत होते. त्यांनी या ऑर्किडची नोंद ‘वंदा’ या स्थानिक नावानं केली. ती टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ साली छापून आली. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी तेच नाव प्रजातीला दिलं. आणि संस्कृतात वंदा म्हणजे काय? झाडावर उगवणारं झाड, बांडगूळ! म्हणजे सिंगापूरपासून फ्लोरिडापर्यंत लोक हजारो रुपये मोजून जी झाडं घेतात, त्यांना ते कौतुकानं बांडगूळच म्हणतायत. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल १९८१ पासून ‘वँडा मिस जोकिम’ आहे. शास्त्रज्ञांनी त्याची प्रजाती आता बदलली, लोकांनी नाव बदललं नाही. मी हे तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “वांदा? मग बरोबरच हाय की. वांदाच झालाय सगळा.”

मराठीत याचं दुसरं नाव रास्ना. तुमच्या घरी कुणाचे गुडघे दुखत असतील तर काढ्याच्या बाटलीवर हा शब्द वाचला असेल. पण रास्ना म्हणजे नेमकं कोणतं झाड यावर वैद्यांचंच एकमत नाही. उत्तरेत एक झुडूप वापरतात, दक्षिणेत कुलिंजनाचं कंद, बंगालच्या बाजूला हा वँडा. आमच्या आज्जीचा मात्र कसलाही गोंधळ नव्हता. ती आंब्यावरची दोन मुळं आणायला लावायची, तिळाच्या तेलात कढवायची आणि गुडघ्याला चोळायची. गुण मुळाचा की चोळण्याचा, देव जाणे. पण ती दोनच मुळं मागायची, आख्खं झाड कधी नाही. आता बाजारासाठी जंगलातून आख्खी झाडं ओरबाडली जातात. हे मला त्या तेलाच्या वासापेक्षा जास्त लक्षात राहतं.

वाचता वाचता मला थिओडोर कुक भेटला. आमच्यासारखाच इंजिनिअर. आयर्लंडहून रेल्वेच्या कामावर आला, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला आणि निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ लिहिला. आजही पश्चिम महाराष्ट्रातलं झाड ओळखायचं तर तो उघडावा लागतो. पण त्यात आम्ही नाही. नळदुर्ग निजामाच्या राज्यात, कुकची हद्द सोलापूरला संपत होती. आमच्या जिल्ह्याच्या वनस्पतींचं स्वतंत्र पुस्तक यायला १९७९ उजाडलं. ते औरंगाबादच्या व्ही. एन. नाईक यांनी लिहिलं आणि पुढे १९९८ मध्ये अख्ख्या मराठवाड्याचं. ऑर्किड म्हटलं की सगळे आंबोली, महाबळेश्वरकडे पळतात, त्यात लोकांचा दोष नाही. राज्यातल्या शंभराहून अधिक जातींपैकी बहुतेक सह्याद्रीतच आहेत. पण मराठवाड्यात उन्हातान्हात, शेताच्या बांधांवर फिरून कुणीतरी हे सगळं नोंदवून ठेवलंय, ह्याचं मला फार अप्रूप वाटलं.

तर, आंबा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडणार होता. मी चार दिवसांची सुट्टी टाकली आणि गावी गेलो. जंगलातल्या जिवंत झाडावरून ऑर्किड काढणं मला पटत नाही. घाटात रस्त्याकडेला पिशवीत बांधून विकायला ठेवलेली झाडं मी कधी घेतली नाहीत, तुम्हीही घेऊ नका. पण हा आंबा पडणारच होता आणि पडल्यावर सगळं सरपणात जाणार होतं. वेळही बरी होती. पावसाच्या तोंडावर वँडाची नवी मुळं फुटतात, त्यामुळे नव्या जागी धरायची शक्यता तेव्हाच जास्त.

अडचण अशी की मला झाडावर चढता येत नाही. दादांची पाठ धरलेली. दादा आणि तात्या त्या दिवसांत एकमेकांशी थेट बोलत नव्हते, जे काही असेल ते आज्जीच्या मार्फत. मी शिडी शोधत होतो तेवढ्यात साठी ओलांडलेले तात्या कोयता कमरेला खोचून बुंध्याला भिडले. का, ते मी विचारलं नाही.

“मुळं वडू नका तात्या,” मी खालून ओरडलो. “सालीसकट काढा. खालनं कोयता घाला.”

“मला शिकवतूस व्हय रं?”

सालीचे पापुद्रे मुळांसकट सुटत होते. ते पोत्यात घालून दोरीनं खाली सोडायचे आणि मी ते सावलीत मांडायचे. तिसऱ्या पोत्याला दादा येऊन उभे राहिले. चौथ्याला त्यांनी दोरी हातात घेतली. “हळू सोड,” दादा वर बघून म्हणाले. वरून “बरं” असं आलं. दोन वर्षांतलं त्यांचं पहिलं संभाषण माझ्या माहितीप्रमाणे एवढंच. मी त्याचा फार अर्थ काढणार नाही. वाटणी झाली ती झालीच, आणि दुसऱ्या दिवशी आंबाही पडला. लाकूड ट्रॅक्टरमध्ये भरताना दोघं दोन टोकांना उभे होते.

एकूण अकरा झाडं निघाली. चार आमच्या परसातल्या कडुनिंबाला बांधली, पाच तात्यांच्या नव्या घरासमोरच्या बाभळीला, दोन मी पुण्याला आणली. बांधायला जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या. तार वापरली तर खोड कापतं, नायलॉनची दोरी कुजत नाही आणि मुळांना आवळत राहते. सुती चिंधी वर्षभरात आपोआप कुजते, तोवर मुळांनी साल धरलेली असते. साल खरबरीत हवी. पेरू आणि निलगिरी साल टाकतात, म्हणजे भाडेकरूच्या पायाखालची फरशीच काढून घेतात.

पुण्यातल्या दोघांसाठी वखारीतून सागाचे दोन ओबडधोबड तुकडे आणले आणि बाल्कनीत पूर्वेच्या बाजूला टांगले. ऑर्किड दिसलं की लोक आधी कुंडी शोधतात, मग त्यात कोकोपीट भरतात. वँडाचं मूळ त्यात आठवड्याभरात गुदमरतं. त्याला पाण्याइतकीच हवा लागते: सकाळी भरपूर भिजवायचं, दुपारपर्यंत ते पूर्ण सुकलं पाहिजे. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात निसर्गाच्या भरवशावर, थंडीत दिवसाआड. नळाचं पाणी चालतं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात, ते पाणी जड असतं आणि मुळांवर पांढरे डाग पाडतं, म्हणून पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पावपट, पंधरा दिवसांतून एकदा. बाकी काही नाही. दुर्लक्ष सहन करणारं झाड आहे; अति लाड सहन करत नाही.

बियांपासून करता येईल का, असं ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं विचारलं. शेंग बोटाएवढी असते, आत लाखो बिया, पण बी म्हणजे अक्षरशः धूळ. इतर बियांत अंकुरासाठी शिदोरी असते, ऑर्किडच्या बीत नसते. वाऱ्यानं उडून योग्य सालीवर पडली आणि तिथे योग्य बुरशी असेल, तर ती बुरशी अंकुराला भरवते. फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे शोधून काढलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुइस नडसन यांनी बुरशीला फाटा देऊन आगर आणि साखरेवर बिया रुजवून दाखवल्या. आज दुकानात दिसणारं जवळपास प्रत्येक ऑर्किड त्या काचेच्या बाटलीतून आलेलं असतं. बांधावरचं मात्र बुरशीच्या कृपेनं आलेलं. म्हणजे हे झाड कुणाच्या जिवावर जगलंच असेल तर त्या बुरशीच्या. आंब्याच्या नाही.

अकरातली दोन पहिल्याच उन्हाळ्यात गेली, दोन्ही आमच्या कडुनिंबावरची. बाभळीवरची पाचही टिकली. तात्यांनी त्यांच्यासाठी काही खास केल्याचं ते मान्य करत नाहीत. काकू म्हणतात, रोज सकाळी चूळ भरून झाली की उरलेला तांब्या बाभळीवर मारतात. २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर, रोजच्या खंडोबाच्या फोटोच्या जागी, एक फुलांचा तुरा आला. सात फुलं, तपकिरी चौकड्या, जांभळा ओठ. खाली काही लिहिलं नव्हतं. दादांनी तो स्टेटस तीन वेळा उघडला. मग मला म्हणाले, “तुझ्या त्या वांद्याला फूल आलंय म्हणं.” बघून आलात का, असं विचारलं तर म्हणाले, “जाईन की.” पौष पौर्णिमेच्या यात्रेनंतर गेले. फुलं तेव्हा कधीच गळून गेलेली होती. तिथे चहा पिऊन आले, एवढंच कळलं.

खंडोबाचं आमच्याकडे एक बरं आहे. मूर्ती एक आणि गावं दोन. देव वर्षातला थोडा काळ नळदुर्गला असतो, बाकीचा अणदूरला, आणि त्याला कुणी उपरा म्हणत नाही. मला मात्र पुण्यात नऊ वर्षं झाली तरी दर अकरा महिन्यांनी भाडेकरार करावा लागतो.

त्यावरूनच सध्याचा वांदा. पुण्यातल्या दोन झाडांपैकी एकानं अजून फूल दिलेलं नाही, पण गेल्या पावसाळ्यात त्याला तीन नवी मुळं फुटली, टोकाला पोपटी. मी इतक्या हौसेनं आणलेला सागाचा तुकडा सोडून ती मुळं शेजारच्या खिडकीच्या ग्रिलकडे गेली आणि गंजलेल्या सळीला अशी चिकटली की आता निघत नाहीत. घरमालकांनी मार्चअखेर घर रिकामं करायला सांगितलंय. ओढलं तर मुळाचं वेष्टन सळीवरच राहणार, कापलं तर ही नवी मुळं गेली, म्हणजे फुलाला आणखी दोन वर्षं. ग्रिलची ती एक सळी कापून नेऊ का, नवी बसवून देतो, खर्च माझा, असं मालकांना विचारलंय. ते म्हणाले, कळवतो. तात्यांना फोन केला तर म्हणाले, पाऊस सुरू होईस्तोवर थांबायला सांग त्यांना, तवर नवं मूळ येतंय. मी म्हटलं, तात्या, पाऊस जूनला, मी मार्चमध्ये बाहेर.

“मग आख्खी खिडकीच घेऊन ये,” तात्या म्हणाले. “बाभळीला टांगू.”